पोरगं मागू नकोस, संध्याकाळचा एक तास माग

नागपूर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. एमएमएसाठी, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती आणि जमिनीवरचे डाव एकत्र चालणाऱ्या आपल्या खेळासाठी, हॉल भाड्याने घेतलास, मॅट टाकल्या, चौकाचौकात पोस्टर लावलेस. दोन महिन्यांत जी पोरं आली ती बहुतेक वजन उतरवायला किंवा मोबाइलवर लढती पाहून हौस भागवायला आली, असं लिहिलंयस. ज्यांच्या अंगात खरा खेळ आहे ती क्रिकेटच्या नेटमध्ये, कबड्डीच्या मैदानावर नाहीतर आखाड्यात आहेत. त्यांना तिथून इकडे कसं आणायचं, हा तुझा प्रश्न.

आणू नकोस. आधी त्यांच्या आई-वडिलांच्या जागी उभा राहून बघ. खापरखेड्याच्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून कसोटी खेळला. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला, शेवटचा तर आपल्या जामठ्याच्या मैदानावर. २०१४ पासून प्रो कबड्डी घराघरात टीव्हीवर दिसते. घरच्यांना त्या वाटेवरची माणसं दिसतात, त्यांची घरं दिसतात. तुझ्या वाटेवर त्यांना अजून फक्त जाळीचा पिंजरा आणि सुजलेला डोळा दिसतो. "तो खेळ सोड, हा धर" असं म्हणालास की तू त्या तराजूत जाऊन बसतोस, आणि तिथे तुझं पारडं हलकंच राहणार.

म्हणून पोरगं मागू नकोस. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळचा एक तास माग. त्याचा पहिला खेळ चालू राहू दे. दीड-दोन वर्षांनी त्याचं त्यालाच कळेल कुठे राहायचं ते, आणि तोपर्यंत तुला एक तयार खेळाडू घडवता आलेला असेल.

आता कोणाकडे बघायचं ते सांगतो. जिल्ह्याचा पहिला नंबर तुझ्या कामाचा नाही. त्याच्यामागे आधीच संघटना आहे, प्रशिक्षक आहे, नोकरीची आशा आहे. तू बघायचं ते दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नंबरकडे. कुस्तीत एका वजनगटातून पुढच्या फेरीला एकच जातो. ५७ किलोत एखादा पठ्ठ्या सलग तीन वर्षं त्याच एका मुलाकडून दोन-तीन गुणांनी हरत असेल, तर त्याच्यात काही कमी आहे असं नाही. वर जायची वाट अडली आहे, एवढंच.

कबड्डीत ही कोंडी आणखी घट्ट आहे, आणि ती फार जणांच्या लक्षात येत नाही. कबड्डीत वजनाला वरची मर्यादा असते, खालचे गट नसतात. मोठ्या पुरुषांची मर्यादा ८५ किलो, म्हणून संघाला त्या मर्यादेच्या आसपासची उंच, भरलेली पोरं हवी असतात. मग ५८-६० किलोचा, डोळ्याचं पातं लवायच्या आत बोनस घेऊन परतणारा चढाईपटू शाळेत हिरो असतो आणि विशीत राखीव बाकावर बसतो. त्याचं वजन काही आता २० किलोने वाढणार नाही. आपल्याकडे मात्र ५६.७, ६१.२, ६५.८, ७०.३ असे गट आहेत. त्याला हा आकडा कागदावर लिहून दाखव. "तुझ्याच वजनाच्या माणसाशी लढायचं" हे एक वाक्य त्याला जेवढं ओढेल तेवढं कुठलंही पोस्टर ओढणार नाही.

मल्लखांब आणि खो-खो विसरू नकोस. मल्लखांबाच्या पोराची पकड, खांदे आणि उलटं असतानाही शांत राहणारं डोकं मिळवायला इतरांना वर्षं लागतात. खो-खोवाल्याचे पाय आणि कंबर एका क्षणात दिशा बदलतात. ४०० मीटर धावणारा असेल तर त्याला पायात शिसं भरल्यावर काय करायचं ते माहीत असतं. क्रिकेटवाल्यांच्या मागे मात्र वेळ घालवू नकोस. त्यातला एखादा उंच वेगवान गोलंदाज स्वतःहून आला तर जरूर घे.

खासदार क्रीडा महोत्सवात, शालेय जिल्हा स्पर्धांत, नागपंचमीच्या कुस्त्यांना, मानकापूरच्या क्रीडा संकुलात जा. पण तिथे कुणाशी बोलायचं नाही, फक्त बघायचं. वही ने. नाव, वजन, जन्मवर्ष आणि हरताना तो काय करतो, एवढं टिपून ठेव. जिंकताना सगळेच छान दिसतात. शेवटच्या मिनिटाला गुणांनी मागे असलेला मुलगा पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, आत शिरतो की घड्याळाकडे बघतो, ते लिही. जुलै ते डिसेंबर शालेय स्पर्धांचा काळ, जानेवारीनंतर दहावी-बारावीचा. या दिवसांत कुणाला हाक मारलीस तर वस्तादही रागावेल आणि आईही. हाक मारायची ती परीक्षा संपल्यावर. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे एप्रिल ते जून हे तुझे पेरणीचे महिने.

आणि हाकसुद्धा थेट मुलाला नाही, त्याच्या वस्तादांना किंवा शाळेच्या क्रीडाशिक्षकांना. ही पायरी गाळली की सगळं फसतं. मुलगा चोरून येतो, आठ दिवसांत आखाड्यात कळतं, वस्ताद त्याला बाहेर काढतात, मग तो ना इकडचा राहतो ना तिकडचा. शिवाय त्या आखाड्याचं दार तुला कायमचं बंद होतं.

जाताना जिमचं नाव छापलेला टी-शर्ट घालू नकोस. चपला बाहेर काढ, मारुतीला नमस्कार कर, माती कपाळाला लाव, आणि सराव संपेपर्यंत गप्प बसून राहा. मोबाइल खिशातच ठेव. मग वस्तादांशी बोल. तीन गोष्टींचा शब्द दे. पोराच्या नावापुढे गुरू म्हणून वस्तादांचंच नाव लागेल. तुझा वर्ग आखाड्याच्या वेळेत कधीच नसेल, म्हणजे पहाटे पाच ते सात आणि संध्याकाळी पाच ते सात सोडून, साडेसातनंतर. आणि कुस्तीच्या स्पर्धेआधी तीन आठवडे त्याचा तुझ्याकडचा सराव बंद.

नुसता शब्द पुरत नाही, काहीतरी द्यावंही लागतं. तुझ्याकडे एक गोष्ट अशी आहे की जी बऱ्याच आखाड्यांकडे नसते. शालेय आणि संघटनेच्या कुस्त्या मॅटवर होतात, आणि पोरं वर्षभर लाल मातीत घाम गाळतात. मातीत पाय रुतून उभा राहतो, मॅटवर सरकतो. पहिल्या फेरीतच घात होतो तो इथे. आठवड्यातून दोन सकाळी तुझा हॉल वस्तादांच्या पोरांना फुकट दे. फक्त एक सांभाळ: तुझ्या जोडायच्या फोमच्या मॅट ४० मिलिमीटरच्या आहेत आणि खाली सिमेंट आहे. त्यावर पायांची हालचाल, पट, बगलडूब, खालचे डाव चालतील. ढाक, कलाजंग असल्या उंच फेकीच्या डावांना मनाई कर. त्यासाठी किमान ६० मिलिमीटरची कुस्तीची मॅट हवी, नाहीतर खांद्याचं हाड जातं आणि तू दिलेल्या भेटीचीच तक्रार होते.

चाचणीबद्दल विचारलंयस. उभ्याने लांब उडी, ३० मीटर धाव, बारला लटकणं हे सगळं घे, त्याने तयारी कळते. पण मी जास्त भरवसा ठेवतो तो शिकण्याच्या चाचणीवर. पाठीवरून उठायची रीत शिकव: एक हात मागे टेकव, दुसरा चेहऱ्यासमोर, विरुद्ध पायावर भार घेऊन कंबर उचल, मोकळा पाय कंबरेखालून मागे ओढ आणि उभा राहा. पंधरा मिनिटं दे. मग दोन दिवसांनी न सांगता तेच करायला लाव. जो दुसऱ्या दिवशी घरी करून आला आहे तो पाय ओढताना अडखळत नाही. दुसरी चाचणी: स्वतःपेक्षा १०-१५ किलो जड मुलाच्या छातीखाली त्याला तीस सेकंद पडून राहू दे, मारामारी नाही, नुसता भार. काहींचा श्वास लगेच वर चढतो, डोळे सैरभैर होतात. हे शिकवून जातं, पण वेळ लागतो, आणि कोणाला किती लागेल ते तुला पहिल्याच दिवशी दिसतं.

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. दुसऱ्या खेळातलं पोरगं रिकामं येत नाही. जे घेऊन येतं त्यातलं अर्धं सोन्याचं असतं आणि अर्धं त्याला पिंजऱ्यात बुडवतं. हुशार पोरं तीन महिन्यांत सोडून का जातात त्याचं कारण बहुधा हेच. आखाड्यात जो राजा असतो तो तुझ्याकडे आल्यावर सहा महिने शिकलेल्या एखाद्या साध्या पोराकडून अडकवला जातो. त्याला वाटतं हा खेळ आपला नव्हे. त्याची कुठली सवय त्याला हरवते आहे हे तू त्याला आधीच सांगितलं असशील तरच तो टिकेल.

पैलवानाचं घे. त्याला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं: पाठ मातीला लागू द्यायची नाही. पाठ लागली की कुस्ती संपली. त्यामुळे तुझ्याकडे कुणी त्याला खाली पाडलं की तो क्षणात पोटावर वळतो, कोपरं आत घेतो, मान आखडतो आणि घट्ट होऊन बसतो. कुस्तीत तो वाचला. आपल्याकडे तो इथेच संपला. वरच्याने त्याच्या पाठीवर सवारी घेतली, दोन्ही टाचा त्याच्या मांड्यांच्या आत अडकवल्या, एक हात हनुवटीखालून गळ्याभोवती नेला, त्या हाताचा पंजा दुसऱ्या दंडावर ठेवला, दुसरा पंजा डोक्यामागे, आणि छाती फुगवून आवळलं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि पाच-दहा सेकंदांत माणूस शुद्ध हरपतो. याला रिअर नेकेड चोक म्हणतात. पैलवानाला पहिल्या आठवड्यात शिकवायचं ते हे: इथे पाठीवर पडणं हार नाही, पाठ दाखवणं हार आहे. पाठीवर पड, गुडघे दोघांच्या मध्ये आण, कंबर सरकव, ऊठ. त्याचं अंग हे लवकर ऐकत नाही. दोनशे-तीनशे वेळा करून घ्यावं लागतं.

दुसरी त्याची खोड डोक्याची. पट काढताना तो डोकं बाहेर ठेवून मान पुढे देतो. तिथे गिलोटिन बसतं, म्हणजे समोरचा मान बगलेत धरून गळा आवळतो. भरत खंदारे हा आपल्या महाराष्ट्राचा, यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या अमेरिकन स्पर्धेत उतरलेला पहिला भारतीय म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. २०१७ मध्ये शांघायला सोंग यादोंगविरुद्ध पहिल्याच फेरीत तो गिलोटिनमध्येच अडकला. रितू फोगाटने कुस्ती सोडून २०१९ मध्ये वन चॅम्पियनशिप या आशियातल्या एमएमए स्पर्धेची वाट धरली, २०२१ मध्ये अ‍ॅटमवेट ग्रां प्रीच्या अंतिम लढतीपर्यंत गेली, आणि तिथे थायलंडच्या स्टॅम्प फेअरटेक्सने तिला आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं वाकवायच्या डावात, धरलं. स्टॅम्प मूळची मुआय थाय, म्हणजे थाय बॉक्सिंग, खेळणारी. या दोन लढती पोरांना दाखव. हे दोघं कमी पडले म्हणून दाखवू नकोस. एवढ्या वर गेलेल्या पैलवानाचा हात आणि मान कुठे सापडते ते त्यात स्वच्छ दिसतं, म्हणून दाखव. आणि त्यांच्याच जोडीला हेन्री सेहुडो सांग: २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये ५५ किलो फ्रीस्टाइलचं सुवर्ण, आणि पुढे यूएफसीचे दोन वजनगटांचे किताब. कुस्ती पाया म्हणून किती भक्कम आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

कबड्डीपटूची गोष्ट निराळी. तो वाकून, हात पुढे पसरून, डोकं खाली ठेवून हलतो. तिथे कुणी गुडघा मारत नाही म्हणून हे चालतं. इथे पहिलाच गुडघा कपाळावर बसेल. त्याची उभं राहायची ठेवण बदलायला दोन महिने दे. शिवाय त्याची चढाई ३० सेकंदांची, मग विश्रांती. आपली व्यावसायिक फेरी ५ मिनिटांची, अशा ३. हौशी लढतीत ३ मिनिटांच्या ३. तो पहिल्या मिनिटाला सगळं उधळतो आणि दुसऱ्याला हात खाली सोडतो. त्याला वेग कमी करायला सांगू नकोस, तोच त्याचा दागिना आहे. ३० सेकंद वेग, ३० सेकंद नुसतं धरून ठेवणं, असं आलटून पालटून ३ मिनिटं करून घे. घोटा पकड आणि मांडीची पकड मात्र त्याला नव्याने शिकवायची गरजच नाही. त्याच पकडीतून एकेरी पट निघतो, फक्त पकडल्यावर ओढायच्या ऐवजी खांद्याने ढकलत वळायचं.

ज्युदोचा मुलगा जॅकेट शोधत राहतो, त्याला बगलेखालून हात घालायला शिकव. बॉक्सर पुढच्या पायावर भार देतो, त्याच्या मांडीवर लाथ बसते आणि पटही सहज निघतो. वुशू या चिनी युद्धकलेतल्या सांदा या लढतीच्या प्रकारातली पोरं सगळ्यांत लवकर रुळतात, कारण ठोसा, लाथ आणि फेक तिन्ही त्यांना येतात. जमिनीवरचं तेवढं राहतं. २०२४ च्या जूनमध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरलेली पूजा तोमर वुशूतूनच आली.

पहिल्या बारा आठवड्यांत काय करायचं? पहिले चार आठवडे ठोसा नाही, लाथ नाही. पडणं, उठणं, सुटणं आणि थापटणं, म्हणजे हाताने थापटून "सोड" असं सांगणं. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पॅडवर ठोसे-लाथा, जोडीदारावर फक्त अंगावर आणि हलक्या हाताने. नवव्यापासून दोन्ही जोडायचं, ठोशामागून पट, पटाला अडवून ठोसा. १८ च्या आतल्या कुणालाही सरावात डोक्यावर मारू द्यायचं नाही, अपवाद नाही. मोठ्यांनाही १६ औंसांचे ग्लोव्ह, दातांचं कवच, आणि आठवड्याला एकच जोराचा सराव. शिरस्त्राणाने कातडी फुटायची वाचते, मेंदूला बसणारा हादरा वाचत नाही. डोक्याला लागून पोरगं गोंधळलं, उलटी झाली, उजेड सोसेना, तेच तेच विचारू लागलं, तर त्याच मिनिटाला सराव बंद करून डॉक्टरकडे ने. आधी आराम, मग चालणं, मग धावणं, मग पॅड. जोडीदाराबरोबर उतरायचं ते डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच.

थापटण्यावर जरा थांबतो. पैलवानाच्या पोराला जमिनीवर हात आपटणं म्हणजे शरणागती वाटते. तो कोपर सरळ होत असताना दात खात राहतो. आर्मबारमध्ये आधी दुखतं, मग तुटतं, पण टाच पिळण्याच्या डावात दुखायला लागेपर्यंत गुडघ्याचे अस्थिबंध गेलेले असतात. म्हणून टाच पिळणं पहिलं वर्षभर बंदच ठेव. आणि पहिल्या दिवसाचा पहिला पाठ थापटण्याचा घे: जोडीदाराच्या अंगावर, त्याला जाणवेल असं, तीनदा. हात अडकले असतील तर तोंडाने ओरडायचं. धरणाऱ्याने त्याच क्षणी सोडायचं. तू स्वतः वर्गात सगळ्यात आधी थापट, नवख्या पोराला तुला धरू दे, आणि सगळ्यांसमोर थापट. मग बाकीच्यांना लाज वाटत नाही.

आता आई-वडील. मुलगा चौथ्या-पाचव्या वेळी आला की घरी जाऊन भेट, हॉलवर बोलावू नकोस. वडील विचारतील, "सर, हातपाय मोडला तं काय करायचं? अन् नोकरीचं काय?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, आणि दोन्हीची उत्तरं गोड करून सांगायची नाहीत. दुखापत होते. काय काय होतं, तू काय खबरदारी घेतोस, वर्गात प्रथमोपचाराची पेटी कुठे असते, जवळचं इस्पितळ किती मिनिटांवर आहे, अपघात विमा कसा काढायचा, ते सांग. नोकरीबद्दल सरळ बोल: राज्याच्या शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, पण ते ठरावीक खेळांच्या ठरावीक स्पर्धांना. चालू यादी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून तू स्वतः आण आणि त्यांच्या समोर ठेव. म्हणूनच मुलाने कुस्ती किंवा ज्युदो सोडायचं नाही, त्याची प्रमाणपत्रांची फाइल तिकडेच भरत राहू दे. एमएमए ऑलिम्पिकमध्ये नाही. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धेच्या कार्यक्रमात मात्र आहे. एवढंच सांग. त्यापुढचं स्वप्न तू विकलंस तर दोन वर्षांनी तेच वडील तुझ्या दारात उभे राहतील आणि त्यांचं म्हणणं खरं असेल.

"राष्ट्रीय सुवर्ण" देणाऱ्या संघटना हल्ली फार झाल्यात. तीन मुलं एका गटात, तिघांना पदक, फी आगाऊ. फी भरण्याआधी विचार: गटात किती खेळाडू, पंच कोण, वैद्यकीय तपासणी कधी, रुग्णवाहिका जागेवर असेल का, हे प्रमाणपत्र कुठे चालतं. उत्तर लेखी मिळालं नाही तर पोरांना नेऊ नकोस. घरच्यांचे कष्टाचे पैसे असतात ते, आणि असलं एक खोटं पदक नोकरीच्या अर्जात निघालं की त्या घराचा खेळावरचाच विश्वास उडतो. हे मला फार लागतं, म्हणून दोन ओळी जास्त लिहिल्या.

मुलींसाठी: वर्ग संपायची वेळ रात्री साडेआठपुढे नको, कपडे बदलायला कडी असलेली खोली हवी, आई किंवा मावशी कोपऱ्यात बसली तर तिला खुर्ची दे. सुरुवातीला मुलीची जोडी मुलीशीच. एकटी आली तर ती टिकत नाही, एकाच शाळेतल्या दोन-तिघींना एकत्र बोलाव.

पैशाचा हिशेब असा मांड की ज्यांच्यात खेळ आहे त्यांच्याकडून फी घ्यावी लागू नये. सकाळी तंदुरुस्तीसाठी येणाऱ्या नोकरदारांची वेगळी बॅच लाव, त्यांच्या फीवर भाडं निघू दे. तुझ्या ६ बाय ८ मीटरच्या हॉलमध्ये ४८ चौरस मीटर मॅट बसते. एका जोडीला किमान पाच-सहा चौरस मीटर लागतात, म्हणजे आठ जोड्या, त्याहून जास्त नाही. गर्दी दिसावी म्हणून बारा जोड्या उतरवल्यास तर शेजारची जोडी अंगावर पडून गुडघे जातात. डावापेक्षा अशा धडकेनेच पोरं जास्त जायबंदी होतात.

मॅट रोज दोनदा पूस, वर्गाआधी आणि नंतर. लिटरभर पाण्यात २० मिली घरगुती ब्लीच, दहा मिनिटं ओलं राहू दे, मग साध्या पाण्याने पूस. ब्लीचमध्ये अ‍ॅसिड किंवा दुसरं काही मिसळू नकोस, विषारी वायू होतो. पावसाळ्यात नागपुरात कपडे वाळत नाहीत, ओल्या बनियनने पोरं येतात आणि गजकर्ण वर्गभर पसरतं. एका आखाड्यातली पोरं तुझ्याकडून ते घेऊन गेली तर वस्तादांना काय तोंड दाखवशील? दारात प्रत्येकाची मान, हात आणि पाठ बघ. गोल लाल चट्टा दिसला की मॅटवर नाही, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तुझं छप्पर टिनाचं आहे, संध्याकाळी सातलाही आत भट्टी असते. त्या दिवसांत वस्तादांशी बोलून वेळ बदल आणि वर्ग पहाटे साडेपाचला लाव. आखाड्याचा सराव असेल त्या दिवशी तुझा वर्ग नाही. दर वीस मिनिटांनी पाणी, चिमूटभर मीठ-साखर घालून. प्लॅस्टिकचा घाम काढायचा सूट घालून कुणी वजन उतरवताना दिसला तर त्याला बाहेर काढ. उष्माघाताने माणूस दगावतो. १८ च्या आतल्यांनी वजन उतरवायचंच नाही. ज्या वजनात जेवून-खाऊन राहतो त्याच गटात लढायचं.

खाण्याचं महागडं काही सांगू नकोस. ६० किलोच्या पोराला रोज साधारण ९५ ग्रॅम प्रथिनं पुरतात. सहा अंडी म्हणजे ३६, ५० ग्रॅम सोयाबीन वड्या म्हणजे २६, अर्धा लिटर दूध म्हणजे १६. उरलेलं भाजलेले चणे, वरण आणि ज्वारीच्या भाकरीतून निघतं. अंडी न खाणाऱ्या घरात वड्या आणि दूध वाढव, पनीर दे. सकाळी तर्री पोहे खाऊन सरावाला येऊ नको, एवढं मात्र प्रत्येकाला सांगावं लागेल.

पहिली हौशी लढत वर्षभराच्या आत नको, आणि व्यावसायिक करार पाच-सहा हौशी लढती झाल्याशिवाय नको. करार आला तर मुदत किती वर्षांची, दुखापतीचा खर्च कोणाचा, दुसरीकडे लढायची मुभा आहे का, हे वकिलाला दाखवल्याखेरीज सही करू देऊ नकोस. पहिल्या लढतीला वस्तादांना बोलाव, जाण्यायेण्याची सोय कर, आणि कोपऱ्यात तुझ्याशेजारी त्यांनाच उभं कर. निवेदकाच्या हाती द्यायच्या चिठ्ठीवर मुलाच्या नावाखाली आधी आखाड्याचं नाव लिही, मग तुझ्या हॉलचं.

या आठवड्यात एवढंच कर: वहीत नावं कितीही असोत, एकच आखाडा निवड आणि तिथे जाऊन बस. मॅट कोणत्या दोन सकाळी रिकामी ठेवता येईल ते आधी ठरवून जा, म्हणजे वस्तादांनी विचारल्यावर वार सांगता येईल. काय म्हणाले ते मला कळव.

तुझा,
वडीलधारा मित्र